एरंडाचं निम्मं छत

आमच्याकडच्या जुन्या माणसांचा एक नेम होता. मुलगी लग्न होऊन सासरी गेली की तिला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीदेखील प्यायचं नाही, आणि तिच्याकडून काही घ्यायचं तर नाहीच नाही. मूल झालं की नेम सुटतो. मग आजी-आजोबा पिशव्या भरून येतात, आठ-आठ दिवस राहतात, जावयाच्या पंक्तीला बसून जेवतात. मला मूल झालं नाही. त्यामुळे माझ्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, नेम सुटायला काही रस्ताच उरला नाही. ते त्यात अडकले आणि त्यांच्यापायी आई अडकली. याचा मला त्या काळात जो राग यायचा, तो आज लिहायला बसल्यावरही येतो आहे.

आमचं घर डिंभ्याजवळ. जुनं कौलारू घर धरणाच्या पाण्यात गेलं आणि वरच्या अंगाला नव्या जागेवर दादांनी माजघर, पडवी आणि मागे स्वैपाकाची एक आडोशाची खोली असं घर बांधलं. वर पत्रे टाकले. पुढच्या सालाला कौलं घालू, असं ते दर साली म्हणायचे. ती पुढची साल काही आली नाही. फाल्गुन संपला की त्या पत्र्याखाली बसवत नसे. दुपारी पत्रा तापून तडतड वाजायचा, आणि आपल्या टाळूवर कोणी तवा धरला आहे असं वाटायचं. जुन्या घरात जन्म काढलेली आई त्या तव्याखाली भाकऱ्या थापायची, धान्य निवडायची आणि दुपारी तासभर पडायची.

मग एका चैत्रात आईला रांजणाजवळ भोवळ आली. घोडेगावच्या डॉक्टरांनी तपासलं, बाटली लावली आणि सांगितलं, "यांना ऊन सोसत नाही. दुपारी गारव्यात ठेवा. ते जमत नसेल तर उन्हाळाभर मुलीकडे पाठवा. पुन्हा असं झालं तर अवघड जाईल."

मला भाऊ नाही. मुलीकडे म्हणजे माझ्याकडे, पिंपरीला. दादांनी मान हलवली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "डाक्टर शहरातला हाय. त्येला काय ठावं?"

आता गंमत अशी, की मी पोटासाठी जे काम करत होते ते नेमकं याच दुखण्यावरचं होतं. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. पिंपरीच्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये मी फोम बनवत असे. फ्रिजच्या भिंतीत किंवा शीतगृहाच्या दारात जो कडक फोम असतो, तो. त्यात उष्णता अडवण्याचं काम करतो तो आतल्या बारीक बारीक घरांत कोंडलेला वायू. फोम फक्त त्याला धरून ठेवतो. हा फोम दोन रसायनांपासून होतो. लॅबमध्ये एकाला आम्ही ए म्हणायचो आणि दुसऱ्याला बी. दोन्ही खनिज तेलापासून येतात. माझं म्हणणं होतं, की त्यातल्या एका डब्याच्या जागी एरंडेल चालतं. एरंडेलाच्या रेणूला निसर्गतःच असे हात असतात की ते दुसऱ्या रसायनाचे हात धरू शकतात. जमिनीच्या पोटातलं तेल उपसण्यापेक्षा बांधावर उगवलेलं वापरावं, एवढी साधी गोष्ट.

साहेबांना ती पटायची आणि नकोही असायची. "मॅडम, चांगलं आहे हो," ते म्हणायचे, "पण शेतातून आलंय म्हणून गिऱ्हाईक घेत नाही. गिऱ्हाईक विचारतं, कालच्यासारखंच आहे ना?" कालच्यासारखं ते नसायचं. एरंडेलाचा प्रत्येक लॉट वेगळा. एका खेपेला फोम छान उभा राहायचा, दुसऱ्या खेपेला मऊ पडायचा. मी सहा दिवस लॅबमध्ये फोमशी भांडायचे आणि सातव्या दिवशी एसटी पकडून दादांशी भांडायला जायचे.

पहिल्या खेपेला मी सरळ बाजारातून थर्माकोलच्या जाड शीटा घेतल्या. म्हटलं, आत्ता आईचा उन्हाळा निभावू दे, एरंडेलाचं नंतर बघू. नवऱ्याने आणि मी त्या एसटीच्या टपावर बांधल्या. मंचरपर्यंत वारं त्यांना उडवायला बघत होतं आणि कंडक्टर आम्हाला उतरवायला बघत होता. घरी पोचलो तर दादांनी शीटांकडे पाहिलं, जावयाला रामराम घातला, आणि मला विचारलं, "ह्ये कुणाचं?"

"तुमचं. पत्र्याखाली लावायला. आईसाठी."

"लेकीचं घ्यायचं नसतंय, बाई. तुला ठाव हाय."

"दादा, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्हीच ऐकलंत ना?"

"ऐकलं. डाक्टर औशिद देतो, नेम देत न्हाई."

आम्ही निघताना त्यांनी त्या शीटा सुतळीने बांधून पुन्हा रस्त्यावर आणून ठेवल्या. वर आंबेमोहोराची एक गोणी, कारण लेकीला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. घ्यायचं नाही पण द्यायचं मात्र पोतंभर, हा त्यांचा न्याय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तांदूळ घेतला आणि शीटा तिथेच सोडल्या. पुढच्या वेळी गेले तर गोठ्याला टेकवून ठेवलेल्या शीटांची कोंबड्यांनी टोचून टोचून चाळण केली होती. तो उन्हाळा आईने ओलं फडकं डोक्यावर ठेवून आणि दुपारभर गोठ्याच्या सावलीत बसून काढला. दोनदा तिला गरगरलं. हे मला नंतर कळलं, तेही शेजारणीकडून.

एरंडाची कल्पना सुचली ती त्याच गोठ्यामागे. तिथे आणि पुढे बांधाच्या कडेने एरंड आपोआप माजला होता. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून वाचलेला. मी लॅबमध्ये ज्याच्यासाठी साहेबांशी वाद घालत होते, ते आमच्याच परसात उभं होतं, आणि मला ते दोन वर्षं दिसलं नव्हतं.

"दादा, हा एरंड कोणाचा?"

"आपला. दुसऱ्या कुणाचा आसनार?"

"याच्या तेलाचं छत केलं तर लावाल?"

दादा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "एरंडाचं छत? घराचं पोट साफ करायचंय काय?"

पण नाही म्हणाले नाहीत. म्हणजे मी त्यांना कोंडीत पकडलं होतं. वस्तू लेकीच्या पैशाची असेल तर नको. बांधावरची स्वतःची असेल तर नको म्हणायला जागा कुठे होती?

आईने तर मनावरच घेतलं. बोंडं तोडून अंगणात वाळत घातली. ती उन्हात फटाफट फुटायची आणि बिया ओसरीभर उडायच्या. तेल तिने घरच्या रीतीने काढलं. बिया भाजल्या, उखळात कुटल्या, पाण्यात उकळल्या आणि वर आलेलं तेल पळीने डब्यात भरलं. मी जुन्नरला पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या एका चाचांकडून पसरट साचा करून घेतला. त्यांनी काम विचारलं आणि ऐकून म्हणाले, "पत्र्याच्या गरमीवर औषध बनवणार, ते पण पत्र्याच्याच साच्यात? कमाल आहे, बेटा." साचा मात्र त्यांनी सुबक केला, झाकणाला बिजागऱ्या लावून.

साच्याला आतून प्लास्टिकचा कागद लावला, दुसरं रसायन मी पिंपरीहून डब्यात आणलं होतं, आणि सगळ्यांना लांब उभं करून ओट्यावर पहिला घाणा घातला. मिनिटभर काही झालं नाही. मग साच्याचं झाकण उचललं गेलं. फोम झाकणाबाहेर आला, साच्याखाली उतरला, ओट्यावरून पायरीकडे निघाला. दादा मागे सरकले. आई म्हणाली, "आगं बाई, ह्ये थांबतं का न्हाई?" थांबलं, आणि थांबल्यावर हळूहळू बसत गेलं. शेवटी ओट्यावर बसक्या इडलीसारखं एक धूड पडलं. आत भोकं अशी की मूठ जावी.

चूक माझी होती आणि ती मला हात धुता धुता कळली. दुसऱ्या रसायनाला पाणी भेटलं की वायू सुटतो आणि फोम फुगतो. थोडं पाणी लागतंच, पण ते मोजून घालायचं असतं. मी लॅबच्या सवयीने मोजून घातलं होतं, आणि आईने उकळून काढलेल्या तेलात आधीच भरपूर होतं. घरच्या तेलाला घरचं पाणी असणारच, हे मला सुचलं नव्हतं. मग पुढचं सगळं तेल मी चुलीवर मंद आचेवर ठेवलं. तडतड पूर्ण थांबेपर्यंत हलवत बसले. तो पुढच्या सालचा चैत्र होता, वर पत्रा, पुढ्यात चूल, आणि मी घर गार करायचं सामान तयार करत होते. आई पदराने माझा घाम पुसायची आणि मी तिला ओरडायचे, की तू बाहेर जा, तुला इथे बसायचं नाही.

त्या तेलाचा फोम उभा राहिला. फिकट पिवळा, सारख्या दाण्याचा, हातात घेतला तर वजन नाही. पुढच्या रविवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी घाणे घालून मी पुऱ्या माजघराला पुरतील एवढ्या फळ्या केल्या. एका बाजूला चुन्याचा जाड हात दिला, कारण हा फोम आगीला भितो. चुलीच्या खोलीत तर तो लावायचाच नव्हता. नवऱ्याने वाशांखाली लाकडी पट्ट्या ठोकल्या. आता फक्त फळ्या चढवायच्या. आणि तेव्हा दादांनी एक फळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "ह्येच्यात आपलं किती?"

"म्हणजे?"

"एरंड आपला. त्यो दुसरा डबा तुझा. मंग ह्या फळीत आपलं किती, आन् तुझं किती?"

सगळं तुमचंच, असं म्हणता आलं असतं. पण दिवसभर मोजमापं करणाऱ्या माणसाच्या तोंडून चुकीचा आकडा निघत नाही. मी म्हणाले, "निम्म्याहून थोडं जास्त तुमचं."

"म्हंजी निम्मं."

"जास्त, दादा. निम्म्याहून जास्त."

"निम्मं धरू. आपल्याकडून उगा जास्ती धरायचं न्हाई." त्यांनी फळी खाली ठेवली. "मंग निम्म्या लाव. ऱ्हायल्येल्या तू घिऊन जा."

मी कपाळाला हात लावला. नवरा शिडीवरच बसला. मी दादांना सांगितलं, की फळी चिरून त्यातलं एरंडेल वेगळं काढता येत नाही. दोन्ही आता एक झालंय, त्याचंच तर नाव रसायन. खोलीच्या निम्म्या छताला फोम लावून निम्मी खोली गार होत नाही, उरलेल्या निम्म्यातली हवा इकडे येणारच. दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "लेण्याद्रीला जा. ऐन वैशाखात लेण्यात गारठा वाजतो. तिथं कुणी फोम लावलाय?"

"तिथे वर अख्खा डोंगर आहे, दादा!"

"तेच म्हणतोय. डोंगराचं डोंगराला, आपलं आपल्याला."

निम्म्या फळ्या लावल्या. त्या निम्म्याखाली आईची बाज आली. खरं सांगायचं तर तेवढ्यानेही फरक पडला. हवा काही फार गार झाली नाही, पण तापलेला पत्रा वरून जी थेट धग टाकतो ती आईच्या डोक्यावर यायची थांबली. बाजेवर उभं राहून छताला हात लावला तर चुना कोमट लागायचा. तिथून दोन पावलं सरकलं की पुन्हा तवा. दादांची घोंगडी त्या दुसऱ्या बाजूला. तिथे ते दुपारी सदरा काढून, घामाने निथळत, भिंतीला टेकून बसायचे, आणि मी आले की मुद्दाम म्हणायचे, "काय न्हाई, बरं हाय."

वैशाखात गेले तर आईच्या बाजेशेजारी, छताखाली, शेळी बांधलेली. नुकतीच व्यालेली, पिल्लू तिच्या पोटाशी.

"शेळी इथे?"

"तिला ऊन बाधतं," दादा आपल्या तव्याखालून म्हणाले.

"आणि तुम्हाला नाही बाधत? शेळीला चालतं माझं निम्मं?"

"तिची लेक अजून सासरी ग्येली न्हाई."

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू आलं नाही. मी पिंपरीत ज्या गोष्टीवर सहा-सहा महिने डोकं फोडत होते, ती शेळी वापरत होती आणि माझा बाप वापरत नव्हता. उरलेल्या फळ्या आम्ही परत आणून गॅलरीत रचून ठेवल्या. नवरा म्हणाला, आपल्याच छताला लावू या. मी म्हणाले, हात लावायचा नाही, त्या दादांच्या आहेत. एक ना एक दिवस त्या त्यांच्याच छताला लागणार.

पुढच्या साली आईने डोकं लढवलं. तिचं माहेर बोरी बुद्रुकचं. बायकोच्या माहेराहून आलेलं घ्यायला कुणाचीच ना नसते. तिने भावाला निरोप धाडला आणि मामाने बांधावरच्या एरंडाच्या बिया गोणीभर पाठवल्या. मी पुन्हा तेल सुकवलं, पुन्हा घाणे घातले. साचा चाचांनी डागडुजी करून दिला. या वेळी मला वाटलं होतं, की सुटलो. फळ्या चढवायच्या वेळी दादा पुढे आले.

"ह्येच्यात मामाचं किती?"

नवऱ्याने सांगितलं, तेवढंच, मागच्यासारखंच.

"मंग उरल्येल्यातल्या निम्म्या लावा."

उरलेल्याच्या निम्म्या! लावल्या. भिंतीच्या कडेने एक पट्टी उघडी राहिली, हातरुण मावेल एवढी. दादांनी आपली घोंगडी बरोब्बर त्या पट्टीखाली सरकवली. बाकी सगळं माजघर मोकळं होतं, तिथे आई होती, शेळी होती, तिचं आता मोठं झालेलं पिल्लू होतं, शेंगांच्या गोण्या होत्या. आणि नेमक्या त्या पट्टीतून धग आत उतरायची आणि खोलीभर फिरायची. थोड्या फटीतूनही उष्णता किती आत येते, यावर मी लॅबमध्ये अहवाल लिहिलेला होता. घरी माझा बाप ती फट जपून ठेवत होता.

त्या तिसऱ्या उन्हाळ्यातच आईला पुन्हा भोवळ आली. पडली नाही, दाराला धरून खाली बसली. मी नेमकी तिथे होते. तिला पाणी पाजलं, वारा घातला, आणि मग दादांवर तुटून पडले. मी ओरडत होते, की ही एक पट्टी बंद करा, मी हात जोडते. दादा म्हणत होते, की नेम हाय, नेम मी क्येला का? मी म्हणाले, नेम मोठा की आई मोठी? ते म्हणाले, तू मला शिकवू नगं. मी म्हणाले, निम्म्याहून जास्त तुमचं आहे हे तुम्ही कधी मानलंच नाहीत. आणि आम्ही पुन्हा त्या वाटणीवर आलो, फळीत कुणाचं किती.

"गप बसा दोघं," आई म्हणाली.

आई असं बोलत नसे.

"घाम माझा निघतोय. गरगर मला हुतंय. आन् तुमी बापलेक वाटण्या करताय. तीन सालं झाली, मला कुणी इचारलं? मला लेकीचं घ्यायचं हाय का न्हाई, एकानं तरी इचारलं?"

"आगं, नेम..." दादा म्हणाले.

"नेम तुमचा. तुमी पाळला म्हनून मी तुमच्यासंगं पाळला. मला लेकीचं घ्यायची कधी लाज वाटली न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "येष्टी कधी हाय?"

मला काय वाटलं ते सांगायला शब्द शोधावे लागत नाहीत. मला शरम वाटली, आणि आनंद झाला, आणि दादांची कीव आली, तिन्ही एकदम. मी खरंच तिला कधी विचारलं नव्हतं.

आई पिशवी भरून तरातरा निघाली खरी, पण आमच्या गावच्या एसटीला कुणाच्या रागाची पर्वा नसते. दुपारची गाडी आलीच नाही. आम्ही थांब्यावरच्या बाभळीखाली बसून राहिलो. थोड्या वेळाने दादा छत्री घेऊन आले. आईच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले, संध्याकाळची गाडी येईपर्यंत. गाडी आली तेव्हा छत्री मिटून त्यांनी तिच्या हातात दिली आणि माझ्या पिशवीत शेवग्याच्या शेंगांची जुडी खोचली.

पिंपरीला माझ्या घरात पाय टाकल्यावर आईने पहिली गोष्ट केली ती पाणी मागितलं. तांब्याभर पाणी ती उभ्यानेच प्याली. मी स्वैपाकघरात जाऊन मोरीचा नळ उगाच सोडून ठेवला, म्हणजे रडण्याचा आवाज बाहेर जायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "तुज्या घरात तर आमच्यापरीस जास्ती उकडतंय."

खरंच होतं. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळीही निवत नसे. रोज लॅबमधून उशिरा येणाऱ्या मला ते इतकं सवयीचं झालं होतं की जाणवेनासं झालं होतं. आई गॅलरीत गेली आणि तिथे रचलेल्या फळ्या तिने पाहिल्या, त्यांवरची धूळ बोटाने पुसली.

"ह्या हितं पडल्यात, आन् तुमी दोघं हितं भाजताय? आपल्या डोक्यावर का न्हाई लावल्या?"

"त्या दादांच्या आहेत."

आईने बोटावरची धूळ झटकली. म्हणाली, "बाप तशी लेक. एकाला झाकावं आन् एकाला काढावं." आणि आत जाऊन पंख्याखाली पदर पसरून बसली. तिला मी गार छत देणार म्हणून तीन वर्षं झगडले, आणि शेवटी तिला आणून ठेवलं होतं कुठे, तर तापलेल्या स्लॅबखाली.

आठवडा व्हायच्या आत दादा आले. दार उघडलं तर खांद्यावर पोतं, कपाळावर घाम, टोपी हातात. जिना चढून दमले होते. आत या म्हटलं तर आले, पण दाराजवळच्या खुर्चीत टेकले. पोतं माझ्या पायाशी ठेवलं. मी तोंड सोडून पाहिलं, एरंडाच्या बिया होत्या. सोललेल्या, पाखडलेल्या, एकही फोलपट नाही. आई नसताना एकट्याने बसून केलेल्या.

"ह्येचं तुज्या छताला कर," ते म्हणाले. "आन् पुरं कर. निम्मं-बिम्मं न्हाई."

"असं कसं, दादा? यात दुसरा डबा माझाच ना?"

"तुज्या घराला तुजा डबा आसनारच की. बाकी मी देतोय. लेकीला द्यायला कसला आलाय हिशेब?"

मला भांडायचं होतं. तोवर आईने आतून पाण्याचा तांब्या आणला, सवयीने, आणि त्यांच्यापुढे धरला. मग तिच्या लक्षात आलं. हात तसाच राहिला. मी दादांकडे बघत होते. एवढं बोलून झाल्यावर, एवढं उन्हातून आल्यावर, जिने चढून आल्यावर, आता तरी घेतील असं मला वाटलं. ओठ कोरडे पडले होते त्यांचे.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "माजं हाय."

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा एक कॅन काढला. त्याच्याभोवती फिकट पिवळ्या फोमचे तुकडे सुतळीने करकचून बांधले होते. फळ्या कापताना पडलेले तुकडे मी गोठ्यात टाकून दिले होते, तेच. सुरीने नीट तासून, कॅनच्या गोलाईला बसतील असे केलेले. माझ्या घरचं पाणी प्यावं लागू नये म्हणून त्यांनी आपलं पाणी डिंभ्याहून पिंपरीपर्यंत माझ्याच फोममध्ये गुंडाळून आणलं होतं. आणि तो फोम कॅनला बुडापासून मध्यापर्यंतच बांधला होता. वरचा निम्मा कॅन उघडा.

दादांनी टोपण काढून दोन घोट घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर एक अभिमान आला, जो माझ्या कुठल्याही परीक्षेच्या निकालाला आला नव्हता. त्यांनी कॅन माझ्यासमोर धरला.

"पिऊन बघ," ते म्हणाले, "आजून गार हाय."

मी प्याले. गार होतं.